समुद्रातलं गवत परत कसं आलं

नमस्कार श्रोतेहो. समुद्र बिघडल्याच्या बातम्या आपण नेहमीच ऐकतो. आज सांगणार आहे ती तो सुधारल्याची हकिकत, आणि तो नेमका कशामुळे सुधारला तेही.

उथळ किनाऱ्यालगत, तळाच्या गाळात ईलग्रास नावाचं गवत वाढतं. हे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं, बिया असलेली ही खरीखुरी वनस्पती आहे. तिची मुळं गाळ धरून ठेवतात, पानांमुळे पाण्याचा जोर मोडतो, पाणी निवळतं, ऊन तळापर्यंत पोचतं आणि गवत आणखी वाढतं. गवत गेलं की सगळं उलट होतं. गाळ उठतो, ऊन अडतं, नवं रोप तग धरत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये 1930च्या दशकात हे गवत रोगाने खंगलं. उरलंसुरलं 1933च्या चक्रीवादळाने नेलं. ज्यांची पिल्लं या पानांना धरून वाढतात ते स्कॅलप शिंपले नाहीसे झाले आणि त्यांच्यावरचा धंदाही बुडाला. पुढे कित्येक दशकं तळ उघडाच होता. नवल असं, की तिथलं पाणी गवताला चालेल इतकं स्वच्छ होतं. नव्हतं ते बियाणं! ईलग्रासचं बी मूळ झाडापासून सहसा काही मीटरांवरच तळाला बसतं. दूरच्या कुरणातून ते आपोआप येणार कसं?

मग माणसांनी ते आणलं. वसंतात बियांचे तुरे खुडायचे, उन्हाळाभर बी टाक्यांमध्ये सांभाळायचं आणि शरद ऋतूत होडीतून पेरायचं. 1999 पासून साधारण 20 वर्षांत 7 कोटींहून अधिक बिया पडल्या. पेरणी झाली ती जेमतेम 200 हेक्टरांवर, आणि गवत पसरलं सुमारे 3,600 हेक्टरांवर! या आकड्यांनी मला फार उभारी दिली. पहिला धक्का माणसाने दिला, बाकीचं गवताने स्वतः केलं.

पण म्हणून दिसेल त्या खाडीत बी टाकत सुटू नये. फ्लोरिडातल्या टॅम्पा बेमध्ये दुखणं वेगळं होतं. अर्धवट शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून नायट्रोजन येई, त्यावर सूक्ष्म शैवाल माजे आणि तळाशी अंधार होई. तिथे आधी सांडपाणी सुधारलं, तेव्हा कुठे गवत हळूहळू परतलं. 2014च्या मोजणीत ते 40,000 एकरांच्या वर गेलं. म्हणूनच कुठे समुद्रात लागवडीचा बेत निघाला की मी आधी विचारते, तिथलं गवत मुळात गेलं कशाने? ते कारण अजून तिथेच असेल, तर पैसा आधी तिकडे लावा.

आणि टॅम्पा बेचं काम संपलेलं नाही. 2016 नंतर तिथलं गवत पुन्हा हजारो एकरांनी घटलं. खाडीभोवतीची वस्ती वाढते आहे, पाणी तापतं आहे. नायट्रोजनच्या जुन्या मर्यादा आजच्या पाण्याला पुरतात का, हे नव्याने तपासावं लागणार आहे.