दोन गाण्यांमधली जागा: चक ब्राउन आणि वॉशिंग्टनचा गो-गो

फंक म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकन नाचाचं संगीत. ते म्हटलं की गायक जेम्स ब्राउन आठवतात. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या ब्राउनबद्दल, चक ब्राउन यांच्याबद्दल. गो-गो हा वॉशिंग्टन शहरात घडलेला फंकचाच एक प्रकार. तिथे त्यांना 'गो-गोचे गॉडफादर' म्हणतात, आणि ही पदवी त्यांनी रास्त कमावलेली आहे.

जन्म १९३६चा, नॉर्थ कॅरोलिनातला. लहानपणीच वॉशिंग्टनला आले, बूटपॉलिशपासून पडेल ते काम केलं. पुढे लॉर्टनच्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि तिथेच सिगारेटींच्या बदल्यात गिटार मिळवली. सुटून आल्यावर ते 'लॉस लॅटिनोस' या बँडमध्ये वाजवत. हे नाव लक्षात ठेवा, कारण काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) आणि काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) यांची गोडी तिथली. साठच्या दशकातच त्यांनी स्वतःचा 'सोल सर्चर्स' बँड उभा केला.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला डिस्को आला आणि वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. हॉलवाल्याचा हिशोब सरळ होता: आठ-दहा जणांच्या बँडपेक्षा दोन टर्नटेबलांचा एक डीजे स्वस्त. शिवाय डीजे थांबत नाही. बँडचं गाणं संपतं, टाळ्या होतात, कुणी तार लावून घेतो, पुढचं काय वाजवायचं ते ठरतं. तेवढ्यात नाचणारे पांगलेले असतात. चक ब्राउन यांनी नेमकी हीच फट बुजवली.

ती कशी, ते नीट पाहू. गाणं संपताना बास गिटार, कीबोर्ड आणि ब्रास (ट्रंपेटसारखी फुंकवाद्यं) एकदम गप्प होतात. ड्रम मात्र चालूच राहतो आणि काँगा, काउबेल, टॅम्बोरिन पुढे येतात. या मोकळ्या ठेक्यावर गायक लोकांशी बोलतो: कोणत्या मोहल्ल्याची मंडळी आली आहेत, आज वाढदिवस कुणाचा. तो हाक देतो, हॉल उत्तर देतो. 'वाइंड मी अप, चक!' (चावी दे, चक!) ही लोकांची आरोळी इथलीच. मग खूण होते आणि त्याच लयीत ब्रास पुढचं गाणं उचलतात.

या ठेक्याला 'पॉकेट' म्हणतात. मूळ धागा सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या १९७५च्या 'मिस्टर मॅजिक' या रचनेचा. त्यातला ताल ब्राउन यांना लहानपणच्या चर्चमधल्या तालासारखा वाटला. डिस्कोत मिनिटाला साधारण १२० ठोके आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक मात्रेवर. गो-गो त्याहून सावकाश चालतो. स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पक्का, पण किक मात्रांच्या मधे सरकलेली, आणि आतले बारीक ठोके सारख्या अंतरावर न पडता झुलतात. चतुस्र (चार-चारांच्या) चौकटीत तिस्राचं (तीन-तीनांचं) वजन, असं म्हटलं तर तुम्हाला चटकन कळेल.

नवशिके चुकतात ते इथेच. ड्रमर आणि काँगावाला दोघेही मोकळी जागा दिसली की भरायला धावतात, आणि पॉकेटचा चिखल होतो. दुसरी चूक लय चढण्याची. लय चढली की ते झुलणं सपाट होतं, मग उरतो तो साधा फंक. तिसरी गोष्ट निवडीची: पुढचं गाणं याच लयीत बसायला हवं. म्हणून ब्राउन गाणं ठेक्याकडे आणत. वॉशिंग्टनमध्येच जन्मलेले जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं 'इट डोन्ट मीन अ थिंग' त्यांनी असंच पॉकेटमध्ये बसवलं. त्यांचे ड्रमर रिकी वेलमन यांना १९८७मध्ये जॅझचे नामांकित ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी आपल्याकडे बोलावलं. पॉकेट किती पक्कं होतं, हे यावरूनच समजावं.

ब्राउन यांचं 'बस्टिन लूज' हे गाणं १९७९मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तरीही गो-गो मुख्यतः त्या शहराचाच राहिला. कारण त्याच्या रचनेतच आहे. ज्याचा जीव दोन गाण्यांच्या मधे आहे, ते तीन-चार मिनिटांच्या रेकॉर्डवर कसं मावणार? शहरात खरी चलती होती ती 'पीए टेप'ची, म्हणजे कार्यक्रम चालू असताना ध्वनियंत्रणेतून थेट उतरवलेल्या कॅसेटींची. माझ्या मते गो-गोचा खरा दस्तऐवज त्याच; स्टुडिओतल्या रेकॉर्ड नव्हेत.

बाहेरच्या जगाने मात्र ब्राउन यांच्या संगीताचे तुकडे भरपूर उचलले. सोल सर्चर्सच्या १९७४च्या 'ॲश्लीज रोचक्लिप'मधला काही सेकंदांचा ड्रम-ब्रेक (फक्त ड्रमचा तुकडा) एरिक बी आणि राकिम या रॅप जोडीच्या 'पेड इन फुल'खाली वाजतो. रॅपर नेली यांचं २००२चं 'हॉट इन हेअर' हे 'बस्टिन लूज'वर उभं आहे. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना वॉशिंग्टन आठवतं?

१६ मे २०१२ रोजी चक ब्राउन गेले. त्याआधीच, २००९मध्ये, सातव्या रस्त्याच्या एका तुकड्याला 'चक ब्राउन वे' हे नाव मिळालं होतं. त्याच भागात फ्लोरिडा ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मोबाइलचं एक दुकान आहे. ते वर्षानुवर्षं बाहेर स्पीकर लावून गो-गो वाजवायचं. २०१९मध्ये शेजारच्या नव्या इमारतीतून तक्रार आली आणि आवाज बंद करायला लावला गेला. 'डोन्ट म्यूट डीसी' (वॉशिंग्टनला गप्प करू नका) म्हणत लोक रस्त्यावर उतरले, बँड चौकात वाजू लागले, आणि काही दिवसांतच दुकानाचे स्पीकर पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये गो-गो कायद्याने वॉशिंग्टनचं अधिकृत संगीत ठरला.