कापलेला कन्व्हर्टर कोणाचा?

(दृश्य: ह्यूस्टन शहर. सुपरमार्केटचं पार्किंग, पिकअप ट्रकच्या रांगा.)

निवेदन:

३१ मार्च २०२२. टेक्सासमधलं ह्यूस्टन. डेप्युटी शेरीफ, म्हणजे तिथले पोलीस अधिकारी, डॅरेन अल्मेंडारेझ त्या दिवशी ड्युटीवर नव्हते. पत्नीबरोबर किराणा घ्यायला आले होते. आपल्या ट्रकखाली चोर शिरलेत, हे त्यांच्या लक्षात आलं. ते अडवायला गेले, गोळीबार झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला.

चोरांना ट्रक नको होता. त्यांना हवा होता ट्रकखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

(दृश्य: उभा कापलेला कन्व्हर्टर, आतली जाळी जवळून.)

इंजिनातला विषारी धूर बाहेर पडण्याआधी या डब्यातून जातो आणि तिथे त्यातलं विष कमी होतं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ थर. २०२१ मध्ये रोडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला. सोन्याच्या दहापटीहूनही जास्त! मग काय, बॅटरीवर चालणारी करवत घ्यायची, गाडीखाली सरकायचं, नळी दोन ठिकाणी कापायची. काही मिनिटांत काम फत्ते. उंच ट्रक सोपे, कारण जॅकसुद्धा लागत नाही. टोयोटा प्रियसवर तर विशेष डोळा, कारण ही हायब्रिड गाडी बॅटरीवरही चालते, त्यामुळे तिचं पेट्रोल इंजिन कमी चालतं आणि आतला धातू कमी झिजतो. अमेरिकेत विमा कंपन्यांकडे आलेले अशा चोरीचे दावे २०२० मध्ये १४ हजारांच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी ते ५२ हजारांवर गेले.

पोलीस चोर पकडत नव्हते असं नाही. पण डिकीत दहा कन्व्हर्टर सापडले, तरी पुढे काय? चासी नंबर गाडीवर असतो, या डब्यावर नसतो. मालक सापडत नाही, तोवर चोरी सिद्ध होत नाही. डोळ्यांदेखत माल आणि हातात केस नाही.

ह्यूस्टनच्या नगर परिषदेने नेमकं इथे बोट ठेवलं. भंगार घेणाऱ्याने कन्व्हर्टर कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा, चासी नंबर काय, हे नोंदवायचं, असा नियम २०२१ मध्ये आला. मे २०२२ मध्ये पुढचं पाऊल: कापलेला कन्व्हर्टर कागदपत्रांशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा. दंड ५०० डॉलरपर्यंत. रक्कम छोटी वाटते, पण पोलिसाला आता मालक शोधत बसावं लागत नाही. २०२३ मध्ये टेक्सास राज्याने अल्मेंडारेझ यांच्याच नावाने कडक कायदा केला.

(दृश्य: लॉस एंजेलिस, सिटी हॉल.)

लॉस एंजेलिसमध्ये असाच नियम एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाला, पण एकमताने नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. आपण निर्दोष आहोत हे नागरिकाने का सिद्ध करायचं? याचा फटका बसणार तो रस्त्याकडेला गाड्या दुरुस्त करणाऱ्या गरीब मेकॅनिकला आणि सावळ्या-काळ्या माणसाला, ज्याला पोलीस आधीच जास्त अडवतात. हा आक्षेप आम्हाला पटतो. म्हणूनच आमच्या मते कायद्याचा मुख्य भार विकत घेणाऱ्याच्या काउंटरवर पडायला हवा. नोव्हेंबर २०२२ मधल्या देशव्यापी कारवाईत हेच दिसलं: २१ आरोपी, आणि साखळीच्या टोकाला न्यू जर्सीतला व्यापार, ज्याने हा धातू रिफायनरीला विकून ५४ कोटी डॉलरहून अधिक मिळवले, असा सरकारी आरोप. करवतवाला बदलता येतो. एवढा मोठा गिऱ्हाईक बदलत नाही.

मिनेसोटाने २०२३ मध्ये तोच रस्ता धरला. ओळखीची खूण नसलेला सुटा कन्व्हर्टर भंगारवाल्याने घ्यायचाच नाही. पुढे चोऱ्या उतरल्या, पण त्याचं सगळं श्रेय कायद्यांना देता येणार नाही. रोडियमचा भावही याच काळात कोसळला होता.

(दृश्य: पुणे जिल्हा, रस्त्याकडेला उभ्या मारुती इको गाड्या.)

महाराष्ट्राला आणि गुजरातला ही चोरी नवी नाही. इको गाडीचा सायलेन्सर पळवायचा आणि आतली ‘माती’ विकायची. ती माती म्हणजे हाच धातू. भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ आहे, चोरीचा माल घेणाऱ्याला ३१७. पण घेणाऱ्याला माल चोरीचा आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. अडचण तीच, जी ह्यूस्टनला होती. इकोवर पोट असलेल्या चालकाची गाडी त्या दिवशी उभी राहते आणि सायलेन्सरचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. सायलेन्सरवर चासी नंबर कोरणं आणि माती घेणाऱ्याला ती कोणत्या गाडीची हे वहीत लिहायला लावणं, या दोन गोष्टी आपल्याकडेही करता येतील.