पदोन्नती आणि अहवालातला एक शेरा

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी कचेरीत पदोन्नतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "यादीत तुमचा नंबर कितवा?" सेवाज्येष्ठता हा पाया आहे, यात शंकाच नाही. पण नंबर लागला म्हणजे आदेश हातात पडला, असं होत नाही. वरचं पद रिक्त लागतं, विभागीय चौकशी मागे नसावी लागते, परीक्षा सुटलेली लागते. तलाठ्याला मंडळ अधिकारी व्हायचं तर महसूल अर्हता परीक्षा पास व्हावीच लागते.

हे सगळं बहुतेकांना पाठ असतं. दुर्लक्ष होतं ते गोपनीय अहवालाकडे, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी तुमच्या कामावर शेरा लिहितात त्या अहवालाकडे. पदोन्नती समिती बसते तेव्हा तुम्ही समोर नसता, तुमचे मागच्या काही वर्षांचे अहवाल असतात.

देव दत्त हे सीमा सडक संघटनेतले कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षं 'खूप चांगला' असा शेरा हवा होता. १९९३-९४ साली त्यांना मिळाला नुसता 'चांगला'. शेरा वाईट नाही, मग कळवायचा कशाला, म्हणून तो त्यांना कळवलाच नाही. त्यांचे कनिष्ठ वर गेले, ते राहिले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते. एका शब्दापायी हक्काची वर्षं जावीत, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून स्वयंमूल्यमापन, म्हणजे अहवालातला आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचा भाग, वेळेत भरा, केलेलं काम त्यात नेमकं मांडा. प्रतवारी पटली नाही तर मुदतीत लेखी अभिवेदन द्या, म्हणजे आपलं म्हणणं लिहून कळवा. साहेब नाराज होतील म्हणून गप्प बसू नका. आपल्या राज्यात आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या वेतनाचा लाभ मिळतो, पण त्यालाही हेच अहवाल तपासतात.

आणि अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: बदलीचा आदेश आला की कार्यमुक्त होण्याआधी हाताखालच्या प्रत्येकाचा अहवाल लिहून द्या. तुम्ही नव्या जागी रुजू होता, आणि इथला कारकून अहवाल अपूर्ण म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत लटकतो.