पाचवीत बदलणारी भाषा

(सकाळ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं एक गाव. शाळेची घंटा.)

वाळपईच्या बाजूने आलेली कदंबाची, म्हणजे सरकारी परिवहनाची, बस वळणावर थांबते. दप्तरं सावरत मुलं उतरतात. बाकीची वाड्यावाड्यांवरून चालत येतात आणि धनगरवाड्यावरच्या मुलांची पायवाट सगळ्यांत लांब. ही सरकारी मिडल स्कूल. पाचवी ते आठवी, चार वर्ग.

'सरकारी शाळेचा निकाल तसाच,' असं गावोगावी सहज बोललं जातं. या माहितीपटात आम्हाला त्या 'तसाच'चा अर्थ लावायचा होता. म्हणून निकालपत्राच्या आधी हजेरीपट उघडला.

(हजेरीपटाची पानं.)

पटावर गावड्यांची मुलं आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली ती 2003 साली. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या 1,49,275 होती, शंभरात जवळजवळ दहा. धनगरांची मुलं आहेत. होंडा गावातल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कानडी कुटुंबांची आहेत. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आणि काजूच्या बागायतीत राबायला दुरून आलेल्यांचीही आहेत. काहींच्या घरी कोकणी, काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, तर काहींच्या घरी लमाणी बोलतात.

ज्यांना परवडतं त्यांची मुलं मात्र या पटावर फारशी दिसत नाहीत. गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. पुढे 1990 च्या सुमारास सरकारचं धोरण ठरलं, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाचं दार उघडलं आणि त्यावरून राज्यभर आंदोलनं झाली. शिवाय अनुदानित शाळांना बालरथ मिळाले, म्हणजे मुलाला न्यायला-आणायला बस. दारापर्यंत गाडी येत असेल तर आईबाप ती शाळा निवडणारच. त्यांना दोष देता येत नाही.

(पाचवीचा वर्ग. फळ्यावर गणित.)

आता या वर्गात थोडा वेळ थांबूया, कारण सगळी गोष्ट इथेच घडते.

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. तिथवर मराठी किंवा कोकणी. पाचवीपासून बहुतेक सगळीकडे माध्यम इंग्रजी. मधे एका सुट्टीएवढंच अंतर. चौथीत परिमिती बिनचूक काढणारी मुलगी पाचवीत 'पेरिमीटर' या शब्दापाशी अडते. लसावि तिला येतो, एलसीएम येत नाही. अपूर्णांकांची बेरीज ती तोंडी करते, पण 'फ्रॅक्शन' म्हटलं की मान खाली. शाब्दिक उदाहरण असेल तर आधी वाक्य उलगडायचं, मग गणिताकडे वळायचं. तेवढ्यात तास संपतो.

मी स्वतः याच वाटेने गेले आहे. पाचवीच्या पहिल्या चाचणीत मी प्रश्न वळणदार अक्षरात उतरवले होते. खालची जागा कोरीच राहिली. बाईंनी शून्य दिलं, आणि मला गणित येत नाही असं मी पुढची दोन वर्षं मानून चालले. त्यामुळे या वर्गातलं कुणी मान खाली घालून बसलेलं दिसलं, की कॅमेरा बंद करावासा वाटतो.

डिसेंबर 2024 मध्ये मुलं काय शिकली हे तपासणारं 'परख'चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववी. सहावीचं जे मूल तेव्हा बाकावर होतं, त्याचं माध्यम बदलून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याच्या गुणांत गणित किती आणि भाषा किती, हे एका आकड्यातून कसं कळणार?

आणखी एक हिशेब. समजा वर्गात आठच मुलं आहेत. एक मूल नापास झालं, की निकाल थेट साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. पुढच्या वर्षी ते पास झालं, की शाळा 'सुधारते'. ऐंशी मुलांच्या वर्गाशेजारी ही टक्केवारी ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

(मधली सुट्टी. बचतगटाच्या बायका भाजी-पाव वाढताहेत.)

शिक्षक जेवता जेवता यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदवहीची, माहिती भरताहेत. प्रत्येक मुलाचा पेन नंबर (त्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), लिंग, जात-प्रवर्ग, दिव्यांग आहे का, मातृभाषा. मातृभाषेचा रकाना इथे आहे, प्रगतिपुस्तकात नाही. हे दोन कागद शेजारी ठेवले तर कुणाला कुठे मदत हवी, हे शाळेला लगेच दिसेल. अर्ध्या वर्षात आईबापांबरोबर कर्नाटकात परत गेलेल्या मुलाचं नाव दुसऱ्या शाळेने उचलेपर्यंत यू-डायसच्या 'ड्रॉपबॉक्स' यादीत पडून राहतं. शिक्षक त्याच्या वडिलांच्या जुन्या नंबरावर फोन लावून बघतात.

2025 पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. एप्रिल म्हणजे सत्तरीत काजूचा हंगाम. आई पहाटे बोंडं गोळा करायला जाते, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. तिच्या गैरहजेरीचं कारण पटावर लिहायला जागाच नाही.

(दुपार. सहावीचा वर्ग.)

गणिताच्या बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढलाय. खाली 'ट्रायँगल' लिहिलं, त्याखाली 'त्रिकोण'. मग त्या मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे यंदाच कन्नड शाळेतून आलेला एक मुलगा आहे.

"तुमच्याकडे काय म्हणतात रे?"

तो उठतो, जरा घुटमळतो. "त्रिभुज."

बाई खडू त्याच्या हातात देतात. तो कन्नड अक्षरांत सावकाश लिहितो. पुढच्या बाकावरची एक मुलगी वही उघडून ती वळणं जशीच्या तशी उतरवून घेते.