एका खोडावर तीन अंजीर

हे झाड सासवडच्या एका काकांच्या घराच्या परसातलं, खोड एकच पण कलमं बांधल्यामुळे फळं बघा तीन तऱ्हेची. हिरवट-पिवळं, मोठं ते डायना, चॉकलेटी ते ब्राऊन टर्की, आणि ही जांभळट झाक असलेली घंटी म्हणजे आपलं पुना अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बागांमध्ये मुख्यतः हीच जात.

अंजीर खरं तर नुसती काडी खोचली तरी लागतं, मग कलम कशाला? तर जागा. परसात झाड मावतं एक आणि काकांना हौस सगळ्या व्हरायट्यांची.

काडी गेल्या वर्षीच्या फुटीची, पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळे असलेली. दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चाकूला धार अशी की एका ओढीत काप गुळगुळीत आला पाहिजे. हा पांढरा चीक बघा कसा गळतोय, वड, उंबर, अंजीर सगळं एकच खानदान. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, अंगाला लागला की खाज सुटते, काका ग्लोव्हज घालत नाहीत, तुम्ही घाला. आता खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या फांदीला, मधोमध चीर आणि पाचर आत, पण काडी बारीक असेल तर मधे नाही बसवायची, एका कडेला सरकवायची म्हणजे सालीखालचा हिरवा थर थराला भिडतो, जोड धरतो तो तिथेच. वरून प्लास्टिकची पट्टी गच्च, आणि ती पेप्सीकांडीची लांब पिशवी असते ना, ती टोपीसारखी, आत ओल टिकते.

ही पावसाळ्यातली गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची रीत. फांदीची साल गोल काढून ओलं शेवाळ बांधलंय, पांढऱ्या मुळ्या प्लास्टिकला आतून टेकल्यात, झूम करून बघा.

काही कलमं वाळतात, पावसात पानांवर तांबेरा रोग येतो, पानं गळतात, ते चालायचंच.

फळ उघडलं की ही गुलाबी लव दिसते ना, तीच अंजिराची फुलं. या जातींना परागीभवन लागत नाही, म्हणून झाड एकटं असलं तरी फळ धरतं.

डायना दिसायला भारी, पण चवीला पुना अंजीरच, काकांचंही तेच मत आणि आमचंही. हल्ली नवीन झाड लावणारा आधी डायना मागतो, म्हणून छाटणी झाली की काका पुना अंजिराच्या काड्या फुकट वाटतात, नाहीतरी त्या कचऱ्यातच जाणार. ओल्या गोणपाटातला हा जुडगा कोथरूडच्या एका टेरेसवर चाललाय, ड्रममध्ये लावणार म्हणे.