'सगळ्यांमध्ये आपण नाही का?'

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या आवारातून जाताना माझी दहा वर्षांची मुलगी एका फलकापाशी थांबली. सायंकाळी खगोलशास्त्रावर व्याख्यान होते. "आपण जायचे का?" असे तिने विचारताच मी सवयीने म्हणालो, "ते इथे शिकणाऱ्यांसाठी असते." तिने फलक पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बाबा, इथे 'सर्वांसाठी' असे लिहिले आहे. सगळ्यांमध्ये आपण नाही का?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर शोधू लागलो, तेव्हा ते फार पूर्वीच देऊन ठेवलेले आढळले. स्कॉटलंडमधील विद्यापीठांत १८८८ पासून चालत आलेल्या गिफर्ड व्याख्यानांसाठी ज्यांनी आपला पैसा ठेवला, त्या लॉर्ड गिफर्ड यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते की, ही व्याख्याने विद्यापीठात नाव न घातलेल्यांनाही खुली असावीत. त्याआधी, १८७३ मध्ये, जेम्स स्टुअर्ट यांच्या आग्रहामुळे केंब्रिजने आपले अध्यापक गावोगावच्या श्रोत्यांकडे पाठवण्यास आरंभ केला होता. आणि १८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली आपली वसंत व्याख्यानमाला! त्यांचे नाव या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. विद्यापीठाने बाहेरच्या सर्वसामान्य लोकांसाठी योजलेल्या व्याख्यानांचे 'बहिःशाल' हे नावही नाही. जागा न मिळाल्याने भिंतीला टेकून ऐकलेली ती व्याख्याने आपल्यापैकी कितीजणांच्या स्मरणात असतील!

मग इथल्या विद्यापीठाच्याच दाराबाहेर आपण का थांबतो? आपल्याकडचे कोणी गवई विद्यापीठाच्या सभागृहात येणार असले, की आपण तासभर आधी रांग लावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच सभागृहात संगीत विभागातील मुले दुपारी विनाशुल्क वादन करतात, कलाशाखेचे विद्यार्थी वर्षअखेरीस आपली चित्रे मांडतात, नव्याने नियुक्त झालेले प्राध्यापक उद्घाटनपर व्याख्यानात आपले आयुष्यभराचे संशोधन सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत उलगडतात; तेव्हा आपण कुठे असतो? विद्यापीठाची चौकशी आपण करतो ती प्रवेशाची आणि गुणांची. मला याचे वाईट वाटते, कारण आपली मुले हे पाहत असतात, आणि ज्ञानाचे घर म्हणजे परीक्षा देऊन आत शिरायची आणि पदवी घेऊन बाहेर पडायची जागा, एवढेच ती आपल्याकडून शिकतात. शिवाय खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तर खर्चाला कात्री लावताना असे कार्यक्रम वाचवायला कोण उभे राहील?

त्या सायंकाळी आम्ही व्याख्यानाला गेलो. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागतात, म्हणून आपल्याला दिसतो तो त्याचा भूतकाळ, हे वक्त्यांनी इतके सुबोधपणे सांगितले की माझी मुलगी खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकत होती. प्रश्नोत्तरे सुरू होताच तिने हात वर केला. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तो हळूच खाली घेतला.

तिला काय विचारायचे होते, ते तिने घरी येताना मला सांगितले. प्रश्न चांगला होता. परंतु त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसले, हे तिला विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.