डिसेंबरातली विमानं आणि वैमानिकांची झोप

नमस्कार श्रोतेहो.

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. इंडिगोनं त्या एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द केली. दिल्लीहून सुटणारं त्यांचं एकही देशांतर्गत विमान मध्यरात्रीपर्यंत उडणार नाही, असं जाहीर झालं. ऐन लग्नसराई, शाळांच्या सहली, नाताळचं बुकिंग. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा, सगळीकडे बॅगांचे ढीग आणि काउंटरवर वादावादी. एका नव्या जोडप्यानं तर स्वतःच्याच स्वागत समारंभाला व्हिडिओवरून हजेरी लावली! रेल्वेनं गाड्यांना जादा डबे जोडले आणि विमानभाडं इतकं भडकलं, की सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले: पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये, आणि लांबच्या अंतराला जास्तीत जास्त अठरा हजार.

विमानं जागेवर होती. धावपट्ट्या मोकळ्या होत्या. इंधन होतं. विमान नियमानं उडवू शकेल असा माणूस मात्र हवा तिथे, हव्या वेळी नव्हता. असं कसं होतं, ते आज जरा सविस्तर बघू.

आपण तिकीट काढतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एकच विमान असतं: पुणे ते दिल्ली, सकाळी सहा वाजता. कंपनीच्या लेखी मात्र त्या उड्डाणात दोन वेगळे प्रवास एकमेकांना फक्त भेटतात. एक प्रवास विमानाचा. तेच विमान दिल्लीहून पुढे श्रीनगरला, तिथून मुंबईला, मग बंगळुरूला, असं दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांत दोन फेऱ्यांच्या मध्ये विमान जमिनीवर जेमतेम अर्धा-पाऊण तास थांबतं, कारण उभं विमान म्हणजे नुसता खर्च. दुसरा प्रवास क्रूचा. पुण्याहून निघालेले कॅप्टन, त्यांचा सहवैमानिक म्हणजे फर्स्ट ऑफिसर, आणि केबिन क्रू दिल्लीत उतरून कदाचित वेगळ्याच विमानात बसतील, लखनौला जातील, रात्री हैदराबादच्या हॉटेलात झोपतील. या दोन साखळ्या संगणक आधीच विणून ठेवतो. त्यातल्या क्रूच्या साखळीला रोस्टर म्हणतात.

आता सकाळचं पहिलं विमान दोन तास उशिरा निघालं असं धरा. विमानाला त्याचं काही वाटत नाही, ते रात्री उशिरापर्यंत उडू शकतं. माणसाचं तसं नाही. वैमानिकाची ड्युटी विमान उडाल्यावर सुरू होत नाही. तो कामावर हजर झाला, की घड्याळ चालू होतं. धुक्यात टर्मिनलवर बसून काढलेले दोन तासही ड्युटीतच मोजले जातात. मग संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला त्याचे तास संपतात आणि तो कायद्यानंच ते विमान नेऊ शकत नाही. प्रवासी गेटवर बसलेले, समोर विमान उभं, आणि घोषणा होते, ‘क्रूच्या प्रतीक्षेत उशीर’. आपण वैतागतो. पण घरी निघून गेलेल्या त्या कॅप्टननं नियम पाळलेला असतो.

अशा वेळेसाठी काही वैमानिक स्टँडबाय ठेवतात. घरी बसायचं, फोन आला की निघायचं. शांत दिवशी हे लोक पगार खाऊन बसलेत असं हिशेबनिसाला वाटतं, आणि पहिली कात्री तिथेच लागते. माझ्या मते डिसेंबरच्या गोंधळाचं मूळ याच कात्रीत आहे. नंतर विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, चौकशीतही साधनांचा अतोनात ताणून केलेला वापर आणि नव्या नियमांची अपुरी तयारी यांवरच बोट ठेवलं गेलं. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला बावीस कोटींहून जास्त दंडही झाला.

ते नवे नियम काय होते? वैमानिकानं किती उडायचं यावर मर्यादा पूर्वीपासून आहेत: दिवसाला आठ तास, आठवड्याला पस्तीस, वर्षाला हजार. जानेवारी २०२४ मध्ये याच महासंचालनालयानं विश्रांतीचे नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस. ‘रात्र’ मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत धरत, ती सहापर्यंत वाढवली. आणि रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा लँडिंगची मुभा होती, ती दोनवर आणली.

शेवटच्या नियमानं खरी गाठ बसली. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर झोपेच्या सर्वांत खोल ओढीत असतं, कितीही कॉफी घ्या. त्या वेळेत एकामागून एक लँडिंग करणं म्हणजे काय, ते रात्रपाळीच्या नर्सला किंवा ट्रकचालकाला विचारा. आपल्याकडे हा विषय ठळक झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. नागपूर विमानतळावर पुण्याला जाणाऱ्या विमानाच्या गेटपाशी एक वैमानिक कोसळला आणि दगावला. त्या एका मृत्यूचं कारण थकवाच होता असं कुणी म्हणू नये. पण त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीवर बोलणं टाळणं कठीण झालं.

हे नियम जून २०२४ मध्येच लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली, तारीख पुढे गेली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर दोन टप्पे ठरले: पहिला १ जुलै २०२५, दुसरा, रात्रीच्या लँडिंगचा, १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं. आणि नोव्हेंबर म्हणजे काय? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक सुरू होतं, फेऱ्या वाढतात. नियम आवळले आणि फेऱ्याही वाढवल्या, दोन्ही एकाच आठवड्यात. देशांतर्गत प्रवाशांपैकी साधारण साठ-पासष्ट टक्के प्रवासी एकट्या इंडिगोचे, दिवसाला बावीसशेहून जास्त उड्डाणं, त्यात रात्रीची पुष्कळ. बाकीच्या कंपन्या त्याच नियमांत बऱ्यापैकी तरल्या, हेही ध्यानात घ्यायला हवं.

कुणी म्हणेल, माणसं कमी पडली तर बाहेरून आणा. गणपतीत कोकणात जादा गाड्या सोडायच्या असल्या, की एसटी इतर विभागांतून गाड्या आणि चालक मागवते. विमानात हे जमत नाही. एअरबसवर प्रशिक्षण घेतलेला वैमानिक पंख्याचं एटीआर विमान चालवू शकत नाही. प्रत्येक प्रकाराचं वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा, त्यात महिने जातात. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला दोनशे तास उडावं लागतं, पण कॅप्टन व्हायला पंधराशे. दुसऱ्या कंपनीतून ओढून आणावा, तर कॅप्टनचा नोटिस पिरियड एक वर्षाचा आहे आणि फर्स्ट ऑफिसरचा सहा महिन्यांचा. हा नियम खुद्द महासंचालनालयाचा, २०१७ सालचा. म्हणजे डिसेंबरात कमी पडणारा कॅप्टन आदल्या डिसेंबरातच शोधायला हवा.

त्यात उत्तरेचं धुकं. दिल्लीत दाट धुक्यात उतरायला विमानात तशी यंत्रणा लागते आणि दोन्ही वैमानिकांचं त्यासाठीचं खास प्रशिक्षण झालेलं लागतं. यादीत शंभर नावं असली, तरी त्या पहाटे उपयोगाची त्यातली थोडीच.

आता ५ डिसेंबरचं कोडं. जिथे क्रू होता तिथली विमानंही का रद्द केली? कारण तोवर साखळ्या इतक्या गुंतल्या होत्या, की कोण कुठे आहे याचाच मेळ लागेना. वैमानिक कोलकात्यात, त्याचं विमान अहमदाबादेत. अशा वेळी एकच उपाय उरतो: बरंच काही थांबवायचं, माणसं आणि विमानं आपापल्या जागी न्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये हेच केलं. हिमवादळानं सुरुवात झाली, बाकीच्या कंपन्या सावरल्या, पण साउथवेस्टचं क्रू जुळवणारं जुनं सॉफ्टवेअर हरलं. कर्मचारी स्वतः फोन करून सांगत होते, मी अमुक शहरात आहे, आणि फोन लागत नव्हता. नाताळच्या त्या दिवसांत जवळपास सोळा हजार सातशे उड्डाणं गेली. पुढे सरकारनं चौदा कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्याकडे तातडीचा उपाय काय झाला? रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. धुक्याचा हंगाम सरेपर्यंत, असंच म्हणा ना. अडकलेल्या लाखो लोकांसाठी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. तरी मला ते खटकलं. ज्या थकव्यासाठी नियम केला, तो थकवा डिसेंबरात सुट्टीवर जात नाही. सोबत वेळापत्रकात दहा टक्के कपातही करायला लावली. ती कपात नोव्हेंबर उजाडण्याआधी झाली असती तर?

तुम्हाला या हंगामात जायचंच असेल, तर दोन-तीन गोष्टी. शक्यतो सकाळचं पहिलं विमान धरा. विमान आणि क्रू बहुधा रात्रीपासून तिथेच असतात, दिवसभराचा उशीर साठलेला नसतो. लग्न किंवा परीक्षा असेल तर आदल्या रात्रीच्या शेवटच्या विमानावर भिस्त ठेवू नका. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण दोन तासांहून जास्त रखडलं, की खाणंपिणं मागा. सहा तासांच्या वर गेलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची.

आणि चोवीस तास आधीही न कळवता विमान रद्द केलं, तर पैसे परत मिळतातच, शिवाय भरपाईही मिळते: तासाभराच्या उड्डाणाला कमाल पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात, त्याहून लांबच्याला दहा हजार रुपये. वादळ, धुकं, संप, दंगल अशा हाताबाहेरच्या कारणांना ती लागू नाही. कंपनी ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच लिहून मोकळी होते. तेव्हा नेमकं कारण लेखी मागा, आणि दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. एक मेख मात्र आहे. बुकिंगमध्ये तुमचा स्वतःचा संपर्क नसेल, तर भरपाई नाकारता येते. पुष्कळदा एजंट स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून ठेवतो. तिकीट हातात आलं, की पहिल्यांदा ते तपासा.

नमस्कार.